खिळ्यावरचा नान

बहरोमनं जाताना चावलेल्या नानाला कीड लागलीय, हे नसीबाला कळलं तेव्हा जुलैची भर दुपार होती आणि सासू शेजारच्या सबोहतकडे जर्दाळू वाळत घालायला गेली होती. तेवढं एक बरं झालं. नसीबा भिंतीवरची कोळिष्टकं झाडत होती. खिळ्याला टांगलेल्या फडक्याखाली गादीवर पिठासारखा भुसा सांडलेला तिला दिसला. फडकं उतरवून तिनं गाठ सोडली. नानाच्या पाठीला बारीक बारीक भोकं पडली होती, आणि एका भोकातून तांबडा किडा असा ऐटीत बाहेर येत होता, की घरमालक तोच.

आमच्या झरफशानच्या खोऱ्यात दूर निघालेल्या माणसाला नान चावल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडू देत नाही. तो फौजेत जावो, शिकायला जावो, नाहीतर हल्ली सगळेच जातात तसा रशियात विटा उचलायला जावो. निघताना एक घास घ्यायचा आणि उरलेला नान आईच्या हातात द्यायचा. आई तो फडक्यात बांधून भिंतीला टांगते. त्याचं अन्न घरी शिल्लक आहे, ते संपवायला त्याला परत यावंच लागतं. ज्यांची पोरं परत आली, त्यांनी ते दगड झालेले नान चहात बुडवून, हसत-रडत खाल्लेले आम्ही पाहिले आहेत. ज्यांची आली नाहीत, त्यांच्या घरी गेलं की आम्ही भिंतीकडे बघत नाही.

असा नान वर्षभर सहज टिकतो, पण तो मैद्याचा असला तर. बहरोमचा नान कोंड्यासकट दळलेल्या कणकेचा होता, आणि सगळी गोम तिथंच होती.

झालं होतं असं. आदल्या उन्हाळ्यात बहरोमच्या आईला, बीबीमोहला, साखरेचा आजार निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पांढरा नान आजपासून बंद, कोंड्याच्या पिठाचा खा. बीबीमोहनं तिथल्या तिथं नाक मुरडलं.

"ते पीठ आम्ही गाईला घालतो, डॉक्टरीणबाई."

"मग बघा की, गाईला साखर होते का कधी?"

हा टोला बीबीमोहला साखरेपेक्षा जास्त लागला. घरी आल्याबरोबर बहरोमनं मैद्याचं पोतं खांद्यावर टाकलं आणि सबोहतच्या घरी नेऊन ठेवलं. आई मागून ओरडत होती.

"ओया, घरात पांढरं पीठ राहिलं की तुझा हात त्यात जाणार," तो म्हणाला. "मी ओळखतो तुला. आता सगळ्यांनी कणकेचाच नान खायचा. मीही खातो, केलिनही खाईल."

ओया म्हणजे आई, केलिन म्हणजे सून. नसीबा तेव्हा घरात नवी होती, बांगड्यांचा आवाजसुद्धा जपून करणारी. तिनं मान डोलावली.

मैद्याच्या सवयीनं कणीक मळता येत नाही, हे कळायला त्या दोघींना पंधरवडा लागला. बीबीमोह चाळीस वर्षं तंदुरात हात घालत होती. तिनं भिंतीला थापलेला नान आजवर कधी निखाऱ्यात पडला नव्हता, आणि ही गोष्ट ती लग्नाकार्यात चारचौघींना ऐकवत असे. कणकेचे पहिले पाच नान थापले, आणि पाचही एकामागून एक विस्तवात पडले. तिनं राखेतून एक काढला, झटकला, कपाळाला लावून नानाची माफी मागितली आणि मग डॉक्टरीणबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मार्ग काढला तो नसीबानं. कोंडा पाणी पितो, आणि प्यायला वेळही घेतो. तिनं पाणी वाढवलं, मळलेलं पीठ दुप्पट वेळ झाकून ठेवलं, आणि थापण्याआधी नानाच्या पाठीला मिठाच्या पाण्याचा हात जास्त फिरवला. नान भिंतीला चिकटला आणि चिकटूनच राहिला. तो मैद्याच्या नानासारखा फुलला नाही, पण त्याला गव्हाचा खमंग वास आला.

"तुझ्या हाताला वश दिसतंय हे गाईचं खाणं," बीबीमोह म्हणाली. कौतुकाचं एवढंच बोलणं तिला जमायचं. पण त्या दिवसापासून पीठ मळायला बसताना ती परात दोघींच्या मध्ये ठेवू लागली.

मग ऑक्टोबरात एका संध्याकाळी बहरोमला रशियातल्या समारा शहरातून फोन आला. बांधकामावर जागा झाली होती आणि दुसऱ्या सकाळचं विमान गाठायचं होतं. लग्नाला सहा महिने झाले होते. नसीबा रात्रभर त्याचे मोजे रफू करत बसली, न फाटलेलेसुद्धा. सकाळी बीबीमोह वाडगा घेऊन सबोहतकडे निघाली, मैदा मागायला. पांढऱ्या वाटेला पांढरा नान, असं आमच्यात म्हणतात. बहरोमनं तिला अंगणातच अडवलं.

"आपण जो खातो तोच चावून जातो. तू मैदा आणशील, एक नान मला करशील आणि चार स्वतःला."

त्यानं उंबऱ्यात उभं राहून कालचा कणकेचा नान चावला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, "मला गाईची दया येते."

तिघंही हसले. ते हसू नसीबानं नऊ महिने पुरवून पुरवून वापरलं होतं.

आणि आता हा किडा. नसीबा नान मांडीवर घेऊन गादीवर बसली. हे ओयाला कळलं तर? मागच्या महिन्यात बहरोमचा फोन चार दिवस आला नाही, तर तिची साखर इतकी चढली की डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. रोज सकाळी ती त्या फडक्याला नुसता हात लावायची आणि दुवा मागायची. फडकं कधी सोडायची नाही, शकुनाला नजर लागते म्हणून. तिला जर कळलं की आपण किड्यांना दुवा देत होतो, तर काय होईल याचा विचारही नसीबाला करवेना.

पण तिला खरं खात होतं ते वेगळंच. वसंतात बहरोमनं तिला फोनवर सांगितलं होतं, "मला आणखी दोन वर्षं तरी राहावं लागेल. एक खोली मिळालीय. छोटी आहे, पण दार आपलं आहे. ये ना." ती द्राक्षाच्या मांडवाखाली उभी होती. "बघू," एवढंच म्हणाली. त्यानंतर प्रत्येक फोनला तो तेच विचारायचा आणि ती तेच म्हणायची. ओयापाशी तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. साखरेच्या बाईला एकटं टाकून कुठं जायचं? पण मन काही तिचं ऐकत नव्हतं. बहरोम परत यावा म्हणून टांगलेल्या नानाखाली अंथरूण घालून ती रोज त्याच्याकडे जायची स्वप्नं बघत होती. त्या खोलीच्या दाराचा रंगसुद्धा तिनं ठरवून टाकला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं. तिला वाटलं, ही कीड पिठाला लागलेली नाही, आपल्या इच्छेनं लावलीय.

सबोहतचं कुत्रं भुंकलं तशी ती उठली. सकाळी भाजलेल्या नानांतला एक तिनं उचलला, ओयाच्या त्याच ठशाची नक्षी असलेला. उन्हात छपरावर ठेवला तर तो दोन दिवसांत लाकूड होणार होता, तोवर फडक्यात दुसरं काहीतरी गुंडाळून टांगता येणार होतं. प्रश्न घासाचा होता. तिनं किडका नान समोर धरून बहरोमचा घास नीट न्याहाळला, बोटांनी मापला. घास रुंद होता, आणि मधोमध एका जागी दाताची खूण नव्हती. बहरोमचे दात तर पांढरेशुभ्र, बत्तीसच्या बत्तीस. घाईत चावला असेल, तिनं स्वतःला समजावलं आणि तोंड होईल तेवढं उघडून नव्या नानाचा लचका तोडला.

तो घास तिला गिळवेना. घरात कुणी नव्हतं. तिला कुणी निरोप देत नव्हतं, आणि ती परदेशी निघालेल्या माणसासारखी उंबऱ्याकडे तोंड करून नान चावत उभी होती. ती रडली, आणि रडता रडता चावत राहिली, कारण तोंडातला नान थुंकणं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

किडका नान तिनं ओढणीखाली घेतला आणि कालव्यावर गेली. अन्न उकिरड्यावर टाकायचं नसतं, वाहत्या पाण्यात सोडायचं. "माफ कर," ती म्हणाली. ते नानाला होतं, बहरोमला होतं की ओयाला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नान थोडा वेळ तरंगला आणि तुतीच्या मुळाशी वळून दिसेनासा झाला.

दोन दिवसांनी खिळ्यावर सगळं जसंच्या तसं होतं. तेच फडकं, तीच गाठ. बीबीमोह रोजच्यासारखी सकाळी हात लावून दुवा मागत होती आणि नसीबा पाठ करून चहा गाळत होती. आठवडा गेला. नसीबाला वाटलं, निभावलं.

आठव्या दिवशी ती पाणी घेऊन आली, तर बीबीमोह दस्तरखानावर, म्हणजे आम्ही जेवायला अंथरतो त्या कापडावर, फडकं सोडून बसली होती. नान तिच्यासमोर सरळ ठेवलेला होता.

"केलिन, बादली ठेव. बस इथं."

नसीबा बसली.

"हा घास कुणाचा?"

"बहरोमजानचा, ओया."

"बहरोमचा?" बीबीमोहनं नान तिच्या नाकासमोर धरला. "अगं, त्या तोंडाला जन्म मी दिलाय. तो एका घासाला पाव नान खायचा. हा घास चिमणीचा आहे. आठवडाभर हाताला हलका लागत होता, म्हणून आज सोडून बघितला, तर पाठ बघ याची, पातळ. एवढं पाणी घालून कोण मळतं या घरात?"

जे होतं ते नसीबानं सांगून टाकलं. किडे, छप्पर, कालवा, सगळं. "तुमची साखर चढेल म्हणून लपवलं, ओया. मला माफ करा. त्याचा नान मी माझ्या हातानं पाण्यात सोडला."

बीबीमोहनं मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागले. नसीबा घाबरून पुढं सरकली, तर म्हातारी हसत होती. तोंडावर ओढणी धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"तू पाण्यात सोडलास तो त्याचा नव्हताच गं. त्याचा नान नवरोजच्या आधीच गेला. तू माहेरी तीन दिवस गेली होतीस ना? चुलीची ऊब लागली होती त्याला, अळ्या पडल्या. मी चुरा करून चिमण्यांना घातला. मग दुसरा भाजला, आणि मीच चावला."

"तुम्ही?"

"मग कोण, डॉक्टरीणबाई? तू तोंड एवढंसं करून फिरत होतीस. म्हटलं, पोरीला कळलं तर खचेल. हे बघ." बीबीमोहनं ओठ वर केला. वरच्या सोन्याच्या दातांच्या रांगेत मधोमध एक खिडकी होती. "इथून पीठ सुटतं माझं."

नसीबाच्या डोळ्यांसमोर तो मापलेला घास आला, आणि तिलाही हसू फुटलं. त्या दोघी दस्तरखानाच्या दोन बाजूंना बसून इतक्या हसल्या, की सबोहतनं भिंतीपलीकडून विचारलं, "काय झालं गं? फोन आला का त्याचा?"

"नाही आला," बीबीमोह ओरडून म्हणाली, आणि तिनं फडकं मांडीवर ओढलं.

"पाच महिने मी माझ्याच घासाला दुवा मागत होते," ती नसीबाला म्हणाली. "हात लावला की वाटायचं, तो आहे. मला माहीत होतं तो नाही. तरी वाटायचं." तिनं फडक्याची घडी केली, मोडली, परत केली. "दुधाची तहान ताकावर. आणि ताकसुद्धा माझंच."

नसीबानं समोरचा नान दोन्ही हातांत घेतला.

"पण एक सांगते. मी चावला तो गेला वाया. मला जायचं होतं कुठं? तंदुरापासून कालव्यापर्यंत. तू चावलास. नान चावलेल्या माणसानं घरी बसून राहायचं नसतं, केलिन. अपशकुन असतो."

"ओया, तसं काही..."

"त्यानं बोलावलंय तुला. वसंतातच बोलावलंय. फोन घेऊन मांडवाखाली जातेस आणि 'बघू, बघू' करतेस. मला साखर आहे, मी बहिरी नाही."

"मला नाही जायचं."

"खोटं बोलायचं तर नीट शिकून घे आधी. तुझ्या सासूकडून शीक, पाच महिने पत्ता लागू दिला नाही मी."

"आणि तुम्ही? तुमचं कोण करणार?"

"मुअत्तर येईल. बहीण आहे माझी, विधवा आहे, आणि तिलाही साखर आहे. दोघी मिळून खाऊ गाईचा नान." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मला तो हवाय गं. रोज उठले की हवाय. पण मला मिळत नाही म्हणून तुलाही मिळू नये, एवढी वाईट मी नाही. सहा महिने संसार केलास. पीठसुद्धा त्यापेक्षा जास्त वेळ झाकून ठेवते मी."

नसीबानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. बीबीमोहनं पिठाळ हात तिच्या केसांवरून फिरवला, आणि लगेच म्हणाली, "ऊठ, पाणी निवतंय." पाणी गारच होतं, विहिरीचं.

कागदपत्रं व्हायला ऑगस्ट संपला. निघायच्या आदल्या दिवशी बीबीमोह वाडगा घेऊन सबोहतकडे गेली आणि वाडगाभर मैदा घेऊन आली. वर्षाहून जास्त दिवसांनी घरात पांढरं पीठ आलं होतं. नसीबा परात घ्यायला उठली, तर सासूनं तिला हातानंच मागं सारलं.

"आज मी एकटी मळणार. या वेळी कीड नको."

मैदा तिच्या हाताखाली लगेच गोळा झाला. तिनं तो दाबला, तो हळूच वर आला. बीबीमोह त्याच्याकडे बघत राहिली. "किती लाडाचं पीठ असतं हे," ती म्हणाली. "विसरलेच होते मी." तिनं त्यात दूध घातलं, कडा जाड ठेवल्या, मध्ये ठसा उठवला, वर काळे तीळ टाकले. दोनच नान केले. तंदुरातून निघाले तेव्हा अंगणभर वास सुटला. बीबीमोहनं तीळसुद्धा तोंडात टाकला नाही, आणि हे मी सांगतो कारण सबोहत भिंतीवरून पाळत ठेवून होती.

सकाळी उंबऱ्यात नसीबानं एक नान चावला. "मोठा घास घे," सासू म्हणाली. "मागच्यासारखा चिमणीचा नको." तो नान तिनं लगेच खिळ्याला टांगला. दुसरा स्वच्छ फडक्यात बांधून नसीबाच्या हातात दिला.

"हा त्याला दे. एक घास घ्यायला लाव. एकच. उरलेला कुणी गावाकडे येत असेल त्याच्याबरोबर धाड. आपल्या उंबऱ्यावरचा घास नव्हे, पण खुदाला समजतं. तुझ्या शेजारी त्याचा टांगायचाय मला, खरा."

"हो, ओया."

"विसरू नकोस."

"नाही विसरणार."

गाडी वळेपर्यंत बीबीमोह रडली नाही. गाडीमागं वाटेवर वाडगाभर पाणी शिंपडून ती दारात उभी राहिली, आणि नसीबाला मागच्या काचेतून दिसत होतं की वाडगा रिकामा झाला तरी ती तो तिरपाच धरून उभी आहे.

समाराला बहरोम घ्यायला आला होता. तो वाळला होता. कानामागं सिमेंट होतं, तळहात चिरले होते. विमानतळावर माणसांत त्यानं तिची पिशवी तेवढी घेतली आणि बसमध्ये बसल्यावर बोटानं तिच्या मनगटाला स्पर्श केला. खोली सहाव्या मजल्यावर होती आणि तिचं दार तपकिरी होतं. दार लागल्यावर दोघं बराच वेळ नुसते उभे राहिले. नसीबाच्या केसांना अजून तंदुराच्या धुराचा वास होता. तो वास घेत तो उभा होता, आणि तिला वाटलं, आता काही नको.

मग तिनं फडकं काढून टेबलावर ठेवलं. "ओयानं दिलंय. थांब हं, हात धुऊन येते, मग सांगते."

हात धुवायची जागा मजल्यावरच्या बोळाच्या टोकाला, सगळ्यांची मिळून होती. तिथं दोन बायका भांडी घेऊन उभ्या होत्या. नसीबाला रशियन चार शब्द येत होते, ते तिनं वापरले, आणि तिचा नंबर यायला वेळ लागला.

ती परत आली तेव्हा बहरोम खिडकीशी पाठमोरा उभा होता. टेबलावर फडकं उघडं पडलं होतं.

"बहरोम, थांब!"

तो वळला. त्याच्या हातात शेवटची कड होती. तिचं ओरडणं ऐकून त्यानं घाबरून ती तोंडात कोंबली.

"काय केलंस हे!"

"मैद्याचा आहे हा," तो भरल्या तोंडानं म्हणाला, आणि त्याचे डोळे रागानं मोठे झाले. "म्हणजे ओयानं परत पांढरं पीठ सुरू केलं? तू काय करत होतीस तिथं?"

"तिनं एक तीळ नाही खाल्ला! तुझ्यासाठी केला होता. एक घास घ्यायचा होतास तू. एकच. उरलेला परत पाठवायचा होता, भिंतीला टांगायला." आणि मग तिनं त्याला दोन्ही किडक्या नानांची गोष्ट सांगितली, आईच्या खिडकीसकट.

बहरोम खाली बसला. ऐकता ऐकता त्याचं बोट फडक्यावरचा चुरा आणि तीळ टिपून तोंडात नेत होतं. गोष्ट संपली तेव्हा फडकं स्वच्छ होतं. त्यानं फडक्याकडे पाहिलं, स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, आणि तोंड हातांत झाकून घेतलं.

"मी ठरवून नाही खाल्ला गं. गाठ सोडली, वास आला. पुढं मला काही माहीत नाही."

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "खाली दुकानात पीठ मिळतं. बोळात भट्टी असलेली चूल आहे. आपण एक भाजू, मी चावतो, देऊ पाठवून. तिला काय कळणार?"

"तिला कळतं," नसीबा म्हणाली. "आणि भिंतीवर खोटे दोन झाले. तिसरा मी नाही पाठवणार."

दुसऱ्या दिवशी बीबीमोहचा फोन आला. पोचलीस का, थंडी आहे का, खोली कशी आहे, हे सगळं तिनं एका दमात विचारलं आणि उत्तरांची वाट पाहिली नाही.

"चावला का त्यानं?"

"चावला, ओया."

"मोठा घास घेतला ना?"

नसीबानं बहरोमकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

"ओया, त्यानं खाऊन टाकला. मी हात धुवायला गेले होते. मी येईपर्यंत संपला होता."

"सगळा?"

"सगळा. फडक्यातला चुरासुद्धा."

मग खूप वेळ फोनवर नुसतं अंगण ऐकू आलं. कोंबडी, सबोहतचं कुत्रं, कुणीतरी झाडू मारत होतं, मुअत्तर खाला असावी. नसीबाला तिचा स्वतःचा नान आणि त्याच्या शेजारची मोकळी भिंत दिसत होती.

"ओया? ऐकताय ना? माझंच चुकलं. मी आधी सांगायला हवं होतं. ओया?"

"ऐकतेय." बीबीमोहचा आवाज ओला झाला होता, पण त्यात तिचा नेहमीचा राग होता. "आदल्या दिवसाचा शिळा नान, एवढा थोरला, आणि कोरडाच खाऊ दिलास त्याला? घशाशी बसला असता पोराच्या. चहा तरी करून द्यायचास गं."